पाऊस ओसरला की कोवळा घोडा का बिघडतो? ऋतुबदलाच्या त्रासाचं मूळ शोधताना

सप्टेंबर संपत येतो, पाऊस उघडीप देऊ लागतो आणि मुळशी, मावळ, हवेलीकडच्या तबेल्यांतून दरवर्षी तीच तक्रार कानावर येते. मे महिन्यापर्यंत शहाण्यासारखा चालणारा घोडा आता खोगीर दिसलं तरी कान पाडतो. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला वळतो. दुडकीवरून कँटरमध्ये, म्हणजे तिच्याहून वेगवान चालीत, घालायला गेलं की पाठ फुगवून उड्या मारतो. वय बहुतेक वेळा तीन ते पाच वर्षं, खोगिराला लागून जेमतेम वर्ष-दीड वर्ष झालेलं. मालक हवालदिल होतो. मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा माणूस, म्हणतो, "मस्ती आलीय, दोन दिवस दमेपर्यंत पळवा, उतरेल."

कोवळे घोडे खोगिराला लावायचं आणि बिघडलेले परत वळणावर आणायचं काम मी करते. हे निदान मला पटत नाही. त्रास दरवर्षी ठरावीक महिन्यांतच येत असेल, तर त्या महिन्यांत घोड्याच्या आयुष्यात काय बदललं ते आधी पाहायला हवं. बदलतं बरंच. काम थांबतं, चारा बदलतो, कातडी आणि खूर भिजत राहतात, माश्या वाढतात, पाठीवरचं मांस उतरतं. यातली एखादी गोष्ट घोडा निमूट सोसतो. तीन-चार एकदम आल्या आणि वर माणूस बसला, की त्याचा धीर सुटतो. म्हणून तपासायचा माझा क्रम ठरलेला आहे: आधी अंग, मग खुराक, मग काम आणि शिकवणुकीचा नंबर सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला तर दुखऱ्या घोड्याला शिस्त लावण्यात अख्खा हिवाळा जातो, आणि तोवर खोगीर म्हणजे दुखणं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं.

एक वही घाला

घोड्याला हात लावण्याआधी वही. तारीख, वेळ, हवा कशी होती, आदल्या दिवशी काम झालं होतं का, सकाळ-संध्याकाळ काय खाल्लं, लीद कशी होती आणि नेमकं काय बिघडलं. "आज त्रास दिला" असं लिहून काही हाती लागत नाही. "उजव्या हाताच्या वर्तुळात, कँटर सुरू करताना, दोन उड्या, मग ठीक" असं लिहिलं तर लागतं. मोतद्दाराला लिहिणं जमत नसेल तर त्याने फोनवर बोलून पाठवावं आणि तुम्ही उतरवून घ्यावं. दिवसभर घोड्याजवळ तोच असतो, त्याला दिसतं ते आपल्याला दिसत नाही.

महिनाभराची पानं समोर ठेवली की बरंच काही आपोआप वेगळं होतं. सुट्टीनंतरच्या दिवशीच उडत असेल तर आधी खुराक आणि रिकामपण पाहा. दर तीन आठवड्यांनी चार-सहा दिवस बिघडत असेल आणि ती घोडी असेल, तर माजाचा संबंध आहे. फक्त तिन्हीसांजेला पाय आपटत असेल, शेपूट आणि आयाळ घासत असेल, तर चिलटं. एकाच बाजूला वळताना, एकाच चालीत अडत असेल, तर जवळजवळ नक्की कुठेतरी दुखतंय. ढगाळ दिवशी बरा आणि लख्ख उन्हात डोकं वर-खाली झटकत असेल, तर प्रकरण निराळं. काही घोड्यांच्या चेहऱ्यावरची नस उजेडाने चाळवते आणि हा त्रास उन्हाळ्याच्या तोंडाला सुरू होतो. नाकावर बारीक जाळी बांधली तर त्यातल्या काहींना आराम पडतो, पण आधी पशुवैद्याकडून दात, कान आणि डोळे तपासून घ्यायला हवेत.

अंग: हात फिरवल्याशिवाय कळत नाही

एका चार वर्षांच्या मारवाडी घोडीचं उदाहरण सांगते. तक्रार नेहमीचीच: तंग आवळताना चावते आणि कँटरला उडते. लांबून पाहिलं तर घोडी तुकतुकीत. खराराही रोज होत होता. पण डोळे बाजूला ठेवून बोटांची टोकं केसांच्या उलट दिशेने पाठीवरून सरकवली, तेव्हा खोगिराच्या मागच्या कडेखाली डाळीच्या दाण्याएवढ्या खरखरीत गाठी लागल्या. एक हळूच उचलली तर केसांचा झुपका मुळासकट खपलीला चिकटून आला, खाली ओलसर गुलाबी कातडी. घोडीने पाठ एकदम खाली दाबली. तंगाखाली, कोपराच्या मागे तसंच.

पावसाळ्यात हे सर्रास होतं. कातडी दिवसेंदिवस ओली राहिली की त्यात जिवाणू घर करतात आणि केस झुपक्यांनी खपल्या धरतात. अशा कातडीवर खोगीर ठेवणं म्हणजे जखमेवर बसणं. खपल्या ओरबाडून काढू नका, दुखतं आणि पसरतं. पशुवैद्याने दिलेल्या औषधी शाम्पूने धुऊन मऊ झालेल्या तेवढ्याच काढायच्या, अंग पूर्ण कोरडं करायचं आणि कातडी भरेपर्यंत खोगीर नाही. ब्रश, खोगिराखालची गादी आणि तंग त्याच घोड्याचे वेगळे ठेवायचे, उन्हात वाळवायचे. ओल्या अंगावर झूल घालणं हे आपल्याकडे प्रेमापोटी होतं, पण त्याने ओल आत कोंडते.

मग खूर. प्रत्येक पाय उचलून तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाच्या दोन्ही बाजूंच्या खाचा साफ करा. काळा, चिकट, सडका वास येणारा मळ निघाला तर तो भाग कुजतोय. मधली खाच खोल गेली असेल तर दगडावर पाय पडला की कळ जाते. असा घोडा टणक रस्त्यावर अडतो आणि मऊ मैदानावर बरा चालतो, हे वहीत सापडतं. उपाय सोपा पण चिकाटीचा आहे: कोरडी जागा, रोज दोनदा साफसफाई, नालबंदाकडून कुजलेला भाग काढून घेणं आणि पशुवैद्य सांगेल ते औषध. पावसाळ्यात नालबंदाची फेरी लांबते, दोन-अडीच महिने नाल तसेच राहतात. सहा-आठ आठवड्यांपलीकडे जाऊ देऊ नये.

खोगिराचा प्रश्न लोकांना सगळ्यात कमी सुचतो. कोवळा घोडा वाढत असतो. त्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाचव्या वर्षाच्या पुढेमागेच पुरी होते. कधी पुठ्ठा (शेपटीच्या वरचा मागचा भाग) वर जातो, कधी खांदा. त्यात दोन-तीन महिने काम बंद, म्हणजे पाठीच्या दोन्ही बाजूंचं मांस उतरलेलं. मे महिन्यात बेताचं बसणारं खोगीर ऑक्टोबरात पुढे कलतं आणि खांद्याच्या मागच्या हाडावर टेकतं. गादी न घालता नुसतं खोगीर पाठीवर ठेवा. पुढच्या बाजूला खालून हात घालून दोन-तीन बोटं उभी जातात का पाहा, मग घोड्याला चार पावलं चालवून परत पाहा. काम करून आल्यावर खोगीर उतरवलं, की घामाच्या ओल्या डागात मधेच कोरडे ठिपके दिसतात का? दिसले तर तिथे दाब पडतोय. जाड गादी घालून हा प्रश्न सुटत नाही, उलट खोगीर आणखी आवळतं.

दात ऋतूने बदलत नाहीत, पण वय असं असतं की दोन गोष्टी एकाच वेळी येतात. पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना पडतात. दाढांच्या टोप्याही याच काळात सुटतात. पाचव्या वर्षी तोंड भरतं. वसंतात जन्मलेल्या शिंगराचं साडेतीन किंवा साडेचार वर्षांचं वय बरोबर पावसाळ्यानंतर येतं! मग लगाम धरला की डोकं वर फेकणं, एका बाजूला तोंड न देणं, घास तोंडातून सांडणं हे सगळं त्या वेळचंच. वर्षातून एकदा, आणि या वयात दोनदा, जबडा उघडून नीट तपासून घ्या.

उड्या मारणाऱ्या घोड्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती पावसाळ्यानंतर अचानक थंड पडलेल्या घोड्याची. लोकांना तो शहाणा झाल्यासारखा वाटतो. मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा हा रोग आपल्याकडे पावसात आणि त्यानंतरच्या महिन्यांत जोर धरतो. ताप येतो-जातो, खाणं बरं असूनही अंग उतरतं, पोटाखाली किंवा पायांवर सूज येते, मागचे पाय लटपटतात. गोचिडांमुळे होणारा तापही याच दिवसांत. ताप मोजायची सवय ठेवा. निरोगी मोठ्या घोड्याचं तापमान साधारण 37.5 ते 38.5 अंश सेल्सियस असतं. त्यापेक्षा जास्त निघालं तर स्वारी बंद, आणि रक्त तपासायला पशुवैद्याला बोलवा. थांबायचं नाही.

खुराक: काम थांबलं, तोबरा थांबला नाही

पुण्यात घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम ऐन पावसाळ्यात असतो. धो धो पावसातही ते घोडे पहाटे कामाला निघतात, आणि त्यातलेही बरेच दोन-तीन-चार वर्षांचेच असतात. म्हणजे नुसत्या पावसाने कोवळा घोडा बिघडतो असं म्हणता येत नाही. बिघडतो तो उभा राहून, पोटभर दाणा खाऊन. आपल्या हौशी स्वारीच्या तबेल्यात मैदानावर चिखल झाला की जुलै-ऑगस्ट घोडा ठाणावर बांधलेला, चोवीसपैकी तेवीस तास. आणि तोबरा? तोच. भिजवलेला हरभरा, जव, कोंडा, कधी वर गूळ. "पावसात अंगात ऊब पाहिजे" म्हणून थोडा जास्तच.

घोड्याच्या शरीराला ऊब मुख्यतः चाऱ्यातून मिळते, मोठ्या आतड्यात चारा आंबताना. दाण्यातून मिळतो तो जोर. तो कामात गेला नाही तर स्वारीच्या दिवशी एकदम बाहेर येतो. ज्या दिवशी काम थांबलं त्याच दिवशी दाणा निम्म्यावर किंवा त्याखाली आणायचा, आणि चारा वाढवायचा. काम परत सुरू झालं की आधी काम वाढवायचं, दाणा त्याच्या मागून, हळूहळू. सुट्टीतही पूर्ण खुराक आणि मग एकदम जोराचं काम, यात आणखी एक धोका आहे. मागच्या मांड्यांचे स्नायू लाकडासारखे आखडतात, घोडा पाऊल टाकत नाही, घामाने निथळतो, लघवी काळपट तांबडी होते. असं दिसलं तर घोडा जागचा हलवू नका, पशुवैद्याला फोन करा.

चाऱ्याचं गणित या दिवसांत फसतं. 380 किलोच्या घोड्याला रोज निदान साडेपाच-सहा किलो सुका चारा, किंवा त्याच्या तोडीचा हिरवा, पोटात गेला पाहिजे. पावसाळ्यात हिरवं मुबलक मिळतं म्हणून कडबा आणि वाळलं गवत कमी केलं जातं. पण कोवळ्या हिरव्या गवतात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. दहा किलो हिरवं घातलं तरी सुका भाग जेमतेम दोन किलो. पोट फुगलेलं दिसतं, लीद पातळ होते आणि घोडा मनातून भुकेलाच राहतो. भुकेला घोडा लाकूड कुरतडतो, झुलत राहतो, दोरी चावतो.

शिवाय घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं असो वा नसो. रात्री आठला खाऊन सकाळी सहापर्यंत समोर काही नसेल आणि मग रिकाम्या पोटी दाणा व लगेच स्वारी, तर जठरात व्रण व्हायला ही आयती सोय आहे. तंग आवळताना चावणं, पोटाला टाच लागली की शेपूट झटकणं, दाणा अर्धा टाकून देणं ही त्याची लक्षणं असू शकतात. रात्री जाळीत वाळलं गवत टांगून ठेवा, म्हणजे ते हळूहळू संपतं. स्वारीच्या आधी थोडा चारा, मेथीघास म्हणजे लसूणघास मिळाला तर उत्तम, त्यातला चुना आम्ल मारतो. पूर्ण तोबरा मात्र स्वारीच्या आधी नको, कामावरून आल्यावर श्वास शांत झाला की मग. कोवळी, गुडघ्याएवढी हिरवी ज्वारी घोड्याला अजिबात घालू नका, त्यात विष असतं.

मीठ रोज 25 ते 30 ग्रॅम, बाराही महिने. उन्हाळ्यात घाम जास्त असेल तर वाढवायचं. आणि पावसाळ्यानंतर लीद तपासून जंताचं औषध. शेपटीचं मूळ घासून केस गेले असतील तर ते जंताने की चिलटांनी हेही तेव्हाच कळतं.

माश्यांबद्दल थोडक्यात. बारीक चिलटं पहाटे आणि तिन्हीसांजेला येतात, चिखल आणि शेणकाल्यात वाढतात आणि त्यांना जोरात उडता येत नाही. म्हणून ठाणावर मोठा पंखा लावला तर तेवढ्याने फरक पडतो. लीद आणि ओला पेंढा तबेल्यापासून लांब टाका. स्वारी सकाळी ऊन चढल्यावर ठेवा. एवढं करूनही आयाळीखाली कातडी रक्ताळत असेल तर त्या घोड्याला चिलटांच्या चाव्याचं वावडं आहे, आणि पशुवैद्याच्या मदतीने दरवर्षी मे महिन्यापासूनच बंदोबस्त करावा लागेल.

परत कामाला लावताना

अंग निर्धोक, खोगीर बेताचं, दाणा आवरलेला, तरीही उडत असेल तर आता कामाकडे वळू. इथे दोन टोकाच्या गोष्टी होतात. कुणी पहिल्याच दिवशी मे महिन्यातलं काम मागतो. कुणी लाँजच्या दोरीवर अर्धा-पाऊण तास गोल पळवून घोडा दमवतो आणि मग वर बसतो. दमवून बसायची सवय लागली की दर महिन्याला जास्त दमवावं लागतं, कारण घोड्याचा दम वाढतो आणि कोवळ्या सांध्यांवर त्या लहान वर्तुळाचा भार रोज पडतो. लाँजिंग दहा-पंधरा मिनिटं, मोठ्या वर्तुळात, दोन्ही दिशांना सारखं. त्याचा हेतू दमवणं हा नाही. आज पाठ मोकळी आहे का, कान कुठे आहेत, आवाजाला ऐकतोय का, हे बघण्यासाठी ते करायचं.

पहिला आठवडा मी बसतच नाही. खोगीर घालून हाताने चालवणं, शेजारून, रोज अर्धा तास, वेगवेगळ्या रस्त्यांनी: ओढ्याकाठाने, शेताच्या बांधावरून, ट्रॅक्टर उभा असेल तिथून. तंग एकदम आवळायचा नाही. एक भोक, दहा पावलं, मग दुसरं, मग परत चाल, मग तिसरं. पाठ फुगवणारे बरेच घोडे एवढ्यानेच निम्मे शांत होतात. दुसऱ्या आठवड्यात बसून नुसती चाल, वीस-तीस मिनिटं, मधेमधे थोडी दुडकी. कँटर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, तोही चढावर आणि थोडका. चढावर घोड्याला डोकं खाली घालून उडणं अवघड जातं, हा साधा फायदा घ्या. ठाणावरचे तासही कमी करा. चिखल असला तरी दिवसातून दोन-तीन तास दुसऱ्या घोड्यासोबत मोकळं फिरू द्या. चिखलातून नाल निसटेल ही भीती खरी आहे, पण दिवसभर बांधून ठेवल्याने होणारं नुकसान त्याहून मोठं.

उडणार हे आधी कळतं. चाल आखूड होते, पाठ खोगिराखाली टणक लागते, मान ताठ, कान मागे किंवा एकदम स्थिर. त्या क्षणी दोन्ही लगाम ओढून धरले तर पुढे जायला वाट नाही, मग तो वर किंवा मागे जातो. एक लगाम आखूड करून मान बाजूला वळवा, टाचेने मागचा पुठ्ठा सरकवा, फिरवत फिरवत चालीवर आणा आणि लगेच सैल सोडा. उतरायचं नाही, रागवायचंही नाही. चार चांगली पावलं मिळाली की मानेवर हात फिरवून तिथेच थांबा. दोन पायांवर उभं राहणारा किंवा मागे पडणारा घोडा असेल तर हे घरी करून बघू नका. कोवळ्या घोड्यांबरोबर काम केलेला माणूस शोधा, आणि डोक्यावर हेल्मेट रोजच.

थंडी आणि जत्रेचे घोडे

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे दहा अंशांच्या खाली पारा गेला की आपण कुडकुडतो, घोडा मात्र खुशीत असतो. चारा पोटात असेल तर मोठा घोडा पाच अंशांपर्यंतची थंडी सहज सोसतो. त्याला ती हवा मानवते, म्हणून तो तेज होतो. स्वारी सहाऐवजी नऊला न्या आणि बसण्याआधी पंधरा मिनिटं चालवा. यापलीकडे या दिवसांत फारसं करावं लागत नाही.

याच दिवसांत, दत्त जयंतीच्या सुमारास, नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची जत्रा भरते आणि तिथून घेतलेले कोवळे घोडे राज्यभर जातात. फेब्रुवारी उजाडला की फोन येतात: "जत्रेत गाईसारखा उभा होता." जत्रेत तो शेकडो घोड्यांच्या सोबतीत होता, प्रवासाने शिणलेला होता, आणि विक्रीसाठी खुराक देऊन अंगावर आणलेला होता. आता तो एकटा आहे, विश्रांती झाली आहे आणि खुराक तोच चालू आहे. पहिले दोन महिने शेजारी दुसरा घोडा, निदान तट्टू किंवा गाढव, दिसेल असं बांधा.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या: याला नाच शिकवलाय का? वरातीसाठी, मिरवणुकीसाठी शिकवलेल्या घोड्याला लगाम वर आवळला की पुढचे पाय उचलायची सवय असते. स्वार घाबरून लगाम धरतो, घोडा त्याला शिकवलेलं काम करतो, आणि त्याच्यावर द्वाडपणाचा शिक्का बसतो. अशा घोड्याला जुना काटेरी लगाम काढून गुळगुळीत, मधोमध जोड असलेला बिट (लगामाचा तोंडातला भाग) द्या, आणि सैल लगामावर नुसतं सरळ चालायला शिकवा. महिने लागतात, पण सुटतं.

घोडी माजावर येते तेव्हा

घोडीचं चक्र दिवसाच्या उजेडावर चालतं. पुण्यात दिवस डिसेंबरात अकरा तासांचा आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांचा असतो. युरोपाइतका फरक नाही, त्यामुळे आपल्याकडच्या काही घोड्या बारमाही माजावर येतात. तरी बऱ्याच घोड्या हिवाळ्यात थंड असतात आणि दिवस मोठा होऊ लागला की जागतात. जागताना सुरुवातीचे काही आठवडे चक्र अनियमित असतं, माज लांबतो, आणि तीन-चार वर्षांच्या घोडीला हे सगळं नवं असतं. एकदा चक्र बसलं की साधारण एकवीस दिवसांनी, पाच ते सात दिवस.

त्या दिवसांत ती शेपूट बाजूला धरते, थोडी थोडी लघवी करते, दुसऱ्या घोड्याजवळून हलत नाही, कंबरेला हात लावला की आखडते. वहीत तारखा असतील तर त्या दिवसांत कठीण काम ठेवू नका. रानात फिरवून आणा, टाच हलकी ठेवा. पण काम पूर्ण बंदही करू नका. घोडी बिघडली की सगळं माजावर ढकलायची एक सवय आहे. चक्राशी तारखा जुळत नसतील तर परत पाठ, खोगीर आणि जठर तपासा, बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. आणि घोडी महिनोन् महिने अंडील (खच्ची न केलेल्या) घोड्यासारखी वागत असेल, दुसऱ्या घोड्यांवर चढत असेल, तर अंडाशयाची गाठ असू शकते. सोनोग्राफी करून घ्या.

अंडील कोवळ्या घोड्याचं याच दिवसांत ओरडणं, चावणं, घोडीकडे ओढणं वाढतं. पैदाशीसाठी ठेवायचा नसेल आणि हौशी माणसाने बसायचं असेल, तर खच्ची करून घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. हिवाळ्यात करावं, माश्या कमी असतात, जखम लवकर भरते. नंतरही काही आठवडे तो घोड्यांपासून नव्हे, घोड्यांच्या माद्यांपासून लांब ठेवायचा. रक्तातली संप्रेरकं हळूहळू उतरतात, आणि लागलेल्या सवयी शिकवूनच मोडाव्या लागतात.

उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये तक्रार उलटी: घोडा चालत नाही. बहुतेकदा ते ऊन, पाणी आणि मीठ एवढ्यावर सुटतं. एक लक्षण मात्र ओळखून ठेवा. दमट उकाड्यात, विशेषतः मुंबई-कोकणपट्टीत, काही घोड्यांचा घाम थांबतो. इतर घोडे निथळत असताना याची कातडी कोरडी, श्वास भराभर, नाकपुड्या फुललेल्या. हा आळस नाही. लगेच सावलीत घ्या, अंगावर भरपूर गार पाणी ओता, पंखा लावा आणि पशुवैद्याला कळवा. अशा घोड्याची स्वारी त्या मोसमात पहाटेच, आणि तीही थोडी.

ढोल आणि फटाके

पावसाळ्याच्या शेवटी काम सुरू करतो तेव्हाच गणपती आणि मग दिवाळी येते. पुण्यात ढोल-ताशा पथकांचा सराव उत्सवाच्या दीड-दोन महिने आधी सुरू होतो, त्याचा उपयोग करून घ्या. आवाज ऐकू येईल पण घोडा चारा खात राहील एवढ्या अंतरावर, सोबत जुना शांत घोडा घेऊन, पंधरा मिनिटं उभं राहायचं. कान त्या दिशेने फिरले आणि परत चाऱ्याकडे आले की ठीक. खाणं थांबलं, डोकं वर गेलं, तर मागे सरका. पुढच्या वेळी दहा पावलं जवळ. थेट पथकाशेजारी नेऊन "सवय लावणं" म्हणजे घोड्याला घाबरायची सवय लावणं आहे.

फटाक्यांची सवय लागत नाही, त्यांचा नुसता बंदोबस्त करायचा. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीच शेजाऱ्यांना भेटून बाण तबेल्याच्या दिशेने लावू नका एवढं सांगा. गंजी आणि पेंढा झाकून ठेवा, पाण्याचे पिंप भरलेले असू द्या. अंधार पडायच्या आत घोडा आतल्या ठाणावर, दिवा चालू, शेजारी सोबती, जाळीत रात्रभर पुरेल एवढं गवत. अगाडी-पिछाडी घट्ट बांधू नका. घाबरून ओढ घेतली तर पाय सोलतात, म्हणून चार भिंतींच्या ठाणात मोकळा ठेवलेला बरा. मोतद्दाराला त्या रात्री सुट्टी देणार असाल तर दुसरा ओळखीचा माणूस हजर ठेवा. दुसऱ्या दिवशी स्वारी नको. सकाळी हाताने फिरवा, पाय चाचपून बघा, लीद आणि पाणी नेहमीइतकं झालं का ते पाहा आणि वहीत लिहून ठेवा.